मामादूचा फ्री थ्रो

कावळे नव्हते असं नाही. अंबाळ्याच्या काठावरच्या पिंपळावर चांगले ओळीने बसले होते. पण खाली उतरायला एकही तयार नव्हता.

प्रमिलाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, दहावा होता. रामटेकला अंबाळा तलावावर पिंड मांडून आम्ही मागे सरकून उभे होतो आणि माझा मेहुणा दिवाकर झाडाकडे पाहून एकेक वचन देत होता. ताई, शाळेत तुझ्या नावाचं बक्षीस ठेवू. ताई, भाऊजींच्या जेवणाकडे आम्ही पाहू. ताई, आईच्या पाटल्यांमध्ये तुझा जीव अडकला असेल, तर त्या मोडून शाळेला देऊ. हे ऐकून त्याच्या बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की दोन कावळे उडूनच गेले.

गुरुजींना घाई होती. त्यांचा पुढचा दहावा शेजारच्या ओट्यावर येऊन बसला होता. ते म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्रात सोय आहे. दिवाकर म्हणाला, माझ्या बहिणीला गवताचा कावळा चालणार नाही. मग तो माझ्याकडे वळला.

"भाऊजी, तुम्ही बोला. तिचं काय राहिलं ते तुम्हालाच माहीत."

ते सगळ्यांनाच माहीत होतं. मी खर्रा खायचो. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून करतात तो. आमच्या नागपुरात निम्मी माणसं खातात आणि उरलेली निम्मी त्यांना शिव्या देतात. प्रमिला दुसऱ्या निम्म्यातली. मी वीज मंडळात मीटर वाचायला घरोघर फिरायचो, त्यात ही सवय लागली. ती सोडवण्यासाठी तिने देव सोडून सगळे उपाय केले. देवावर तिचा फार विश्वास नव्हता.

मी हात जोडून म्हणालो, "सोडला."

सगळ्यात खालच्या फांदीवरच्या कावळ्याने मान फिरवली आणि तलावाकडे पाहायला लागला. त्याचंही बरोबर होतं. पुडी त्या क्षणी माझ्या धोतराच्या कनवटीला होती. लग्न झाल्यापासून प्रमिलानेही हा शब्द इतक्या वेळा ऐकला होता की शेवटी शेवटी ती नुसतं "हो का?" म्हणायची.

या सगळ्या वेळात पिंडांच्या बाजूला मामादू दोन्ही हात पसरून उभा होता. रामटेकची वांदरं फार हावरट. कावळा यायच्या आत पिंड पळवतात. म्हणून दिवाकरने त्याला राखणीला लावला होता. मामादू पावणेसात फुटांहून उंच. एक वांदर उजवीकडून आलं की तो उजवीकडे सरकायचा, डावीकडून आलं की डावीकडे. बास्केटबॉलमध्ये असंच करतात, समोरच्याला रिंगच्या जवळ येऊ द्यायचं नाही. ज्या कामासाठी त्याला सेनेगलहून विमानाने आणलं होतं, तेच काम तो माझ्या बायकोच्या दहाव्याला फुकट करत होता.

तो आमच्या घरी कसा आला ते सांगतो.

त्या वर्षी बास्केटबॉलची नवी व्यावसायिक लीग निघाली होती. शहरांचे संघ, टीव्हीवर सामने, आणि प्रत्येक संघात दोन परदेशी पाहुणे खेळाडू. नागपूरच्या संघाचं नाव संत्रानगरी टायगर्स. मालक प्लॅस्टिकचे पाइप बनवायचे. खेळाडूंच्या छातीवर पाइपाचं चित्र होतं, वाघ पाठीवर गेला होता. पाहुणे खेळाडू आहेत तर पाहुण्यासारखे लोकांच्या घरीच राहू द्या, असं मालकांनी ठरवलं. त्यांच्या मते त्यात आपली संस्कृती दिसते. हॉटेलचं बिल दिसत नाही, हे ते बोलले नाहीत.

दुसरा पाहुणा सर्बियाचा होता, तो मालकांच्या साडूकडे गेला. मामादू आमच्याकडे आला, कारण संघाचे कोच टेंभुर्णे सर प्रमिलाला मानायचे. ती मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. विद्यापीठाकडून खेळली होती, पुढे आयुष्यभर मुलींना खेळवलं. आम्हाला मूल नव्हतं, पण घरात कधी शांतता नव्हती. दारात नेहमी कुणीतरी घामाघूम मुलगी पाणी मागत उभी असायची.

मामादू पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या चौकटीला डोकं आपटून घेऊन पडला. दुसऱ्या दिवशी प्रमिलाने जुनी उशी आणून चौकटीला वर खिळ्यांनी ठोकली. ती उशी अजून तिथेच आहे. मी पाच फूट चार इंच.

दोन दिवाण जोडून त्याची झोपायची सोय केली. तो झुणका खायला शिकला, तर्री ओरपायला शिकला. कॉलनी त्याला मामा म्हणायला लागली, त्याचा दिवाकरला राग यायचा, कारण घरी येणाऱ्या मुलींचा मामा आधीपासून तोच होता. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं पटकन जमलं. पुढेपुढे तो मराठीही बोलायला लागला. क्रियापदं बहुतेक प्रमिलाची होती. वाक, उठ, पळ, जेव.

खेळायला तो चांगला होता. एकच खोट होती. बास्केटबॉलमध्ये समोरच्याने धक्का दिला की दोन फ्री थ्रो मिळतात. रेघेवर उभं राहायचं आणि निवांत बॉल टाकायचा, कुणी अडवत नाही. ते त्याला जमत नव्हतं. पळताना, उड्या मारताना अंगावर तिघं असली तरी टाकायचा. एकटा उभा राहिला की बॉल कुठेही जायचा. हे इतर संघांना कळलं आणि ते त्याला मुद्दाम धक्के देऊ लागले.

प्रमिलाकडे यावर उपाय होता. ती शाळेतल्या लहान मुलींना शिकवायची तसा. दोन्ही हातांत बॉल धरायचा, गुडघे वाकवायचे आणि खालून वर सोडायचा, विहिरीतली बादली ओढून काठावर ठेवतो तसा. मामादू ऐकेना. त्याच्या गावाकडे असा बॉल फक्त लहान मुली टाकतात म्हणे.

"काकू, मी पुरुष आहे," तो म्हणायचा.

"बॉलला माहीत आहे का ते?" प्रमिला म्हणायची.

हे रोज चालायचं. पुण्याविरुद्धच्या सामन्यात त्याने सगळे फ्री थ्रो घालवले आणि आपण हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमिला भाजी चिरायला बसली होती ती उठली, आणि पत्ताकोबी दोन्ही हातांत धरून त्याला दाखवायला लागली. गुडघे, गुडघे वाकव, खांबासारखा उभा नको राहू. पत्ताकोबी वर गेली, पंख्याला लागता लागता वाचली आणि बरोबर टोपलीत पडली. मामादूने टाळ्या वाजवल्या. ती हसली, म्हणाली जरा बसते, आणि बसली. परत उठली नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. मला वाटतं कळलं असतं तर तिने आधी भाजी फोडणीला टाकली असती.

ती गेल्यावरही मामादू हॉटेलात जायला तयार नव्हता. दहाव्यालाही तो स्वतःहून आला. टेंभुर्णे सरांनी सराव बुडवू नको म्हणून सांगितलं होतं, तरी आला.

तर कावळा येत नव्हता. ऊन चढलं होतं. काठाचे दगड तापले होते आणि मी अनवाणी होतो. दिवाकरकडची आश्वासनं संपली होती. मामादूने त्याला विचारलं, सगळे कशाची वाट पाहत आहेत? दिवाकरने आपल्या इंग्रजीत सांगितलं की मेलेल्याची एखादी इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, ती पुरी करायचा शब्द दिला की शिवतो. मामादूने ते नीट ऐकून घेतलं. मग हात खाली घेतले, पिंडांपासून जरा मागे सरला आणि दगडावर मांडी घालून बसला. बसल्यावर तो पहिल्यांदाच आमच्याएवढा दिसला. मान खाली घालून मराठीत म्हणाला,

"काकू. खालून टाकतो. शब्द."

कावळा उतरला. दोन उड्या मारून पिंडाशी आला आणि चोच घातली. मागून चार आले. दिवाकर रडायला लागला, त्याची बायको रडायला लागली, गुरुजी पुढच्या ओट्याकडे पळाले. मी मात्र रडलो नाही. मला राग आला होता. चौतीस वर्षांचा संसार, आणि बाईचा जीव अडकला कशात, तर या लांबड्याच्या फ्री थ्रोमध्ये.

तिसऱ्या दिवशी तेरवी झाली. दोन दिवसांनी उपांत्य सामना. मामादूने शब्द पाळला. रेघेवर उभा राहिला, दोन्ही हातांत बॉल धरला, गुडघे वाकवले आणि खालून सोडला. आधी स्टेडियमला कळलंच नाही काय चाललं आहे. मग कुणीतरी ओरडलं, "ओ आजीबाई!" आणि सगळं स्टेडियम हसायला लागलं. बॉल रिंगला लागून बाहेर. त्या दिवशी त्याचे दोन गेले आणि बाकी सगळे चुकले. सर्बियाच्या पाहुण्याने एकट्याने सामना काढला म्हणून आपण फायनलला पोचलो. पण टीव्हीवर परत परत काय दाखवलं, तर मामादू वाकलेला आणि मागे दोन पोरं त्याची नक्कल करून राहिली आहेत.

हसत होते ते त्याला. पण थ्रो प्रमिलाचा होता. मी प्रेक्षकांत बसून ते ऐकलं. बायकोला अग्नी देऊन आलेल्या माणसाशी लोक तिच्याबद्दल चांगलंच बोलतात, त्या दोन आठवड्यांत मी सारखं तेच ऐकत होतो. त्यामुळे हे फार लागलं.

फायनलच्या आदल्या दिवशी टेंभुर्णे सर घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले. आधी प्रमिलाबद्दल बोलले, खरंच मनापासून बोलले. मग म्हणाले, "नखाते भाऊ, तुम्ही त्याला मोकळं करा. माझं तो ऐकून नाही राहिला. म्हणतो शब्द दिला आहे."

"वरून टाकला तरी चुकतोच ना?"

"चुकतो. पण माणसासारखा चुकतो. हे आता लोक हसून राहिले. मालकांचा फोन आला होता, त्यांना छातीवरचा पाइप दाखवायचा आहे, वाकलेला माणूस नाही. तुम्ही सांगा की कावळ्याचं काही खरं नसतं. तुमचं ऐकेल."

आता मला एक गोष्ट अंबाळ्यावरच कळली होती. कुणाला बोललो नव्हतो, कारण दिवाकर समाधानाने रडत होता आणि मध्ये बोलायला मला जिवावर आलं होतं. कावळे येत नव्हते ते प्रमिलामुळे नाही, मामादूमुळे. एवढा मोठा माणूस पिंडांवर हात पसरून उभा, कोणता कावळा खाली येईल? शेतात बुजगावणं दुसरं काय असतं? वांदरांपासून राखायला म्हणून आम्हीच बुजगावणं उभं केलं आणि वर कावळ्याला हात जोडत बसलो. तो खाली बसला तेव्हा ते आले. शब्दाचा, इच्छेचा, पाटल्यांचा काही संबंध नव्हता.

मी सरांना म्हणालो, सांगतो.

मामादू सकाळी प्रमिलाच्या शाळेच्या मैदानावर सराव करायचा. फायनलच्या सकाळी मी गेलो तेव्हा तो एकटाच खालून बॉल टाकत होता. एक गेला, एक गेला नाही, परत एक गेला. मी रिंगखाली जाऊन उभा राहिलो. बॉल आला की त्याच्याकडे परत देत होतो आणि सुरुवात कुठून करावी ते पाहत होतो.

शेवटी म्हणालो, "मामादू, त्या दिवशी कावळा काकूमुळे नाही आला. तू उभा होता म्हणून तो येत नव्हता. तू बसला म्हणून आला." त्याला नीट कळावं म्हणून मी दोन्ही हात पसरून, मान वाकडी करून बुजगावण्यासारखा उभा राहून दाखवला. डोक्याचं नुकतंच मुंडण झालेलं. तो हसला.

"काका, मला माहीत आहे."

"कधी कळलं?"

"तिथेच. मी लहानपणापासून उंच. माझी आजी मला बाजरीच्या शेतात उभा करायची, पक्ष्यांसाठी. मी बसलो की पक्षी येतात. मग आजी मारते." त्याने बॉल आपटला. "तिकडे गुरुजींना घाई होती. तुमचे पाय भाजत होते. म्हणून बसलो."

मी म्हणालो, "मग नुसतं बसायचं ना. शब्द कशाला दिला?"

तो माझ्याकडे असा पाहायला लागला की जणू मीच परदेशातून आलो आहे.

"बसलो कावळ्यासाठी," तो म्हणाला. "शब्द काकूला दिला."

मग त्याने गुडघे वाकवले आणि बॉल टाकला. चुकला. बॉल उसळत उसळत मुलींच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीकडे गेला आणि मी त्याच्या मागे गेलो. टाकीशी जरा वेळ थांबलो, तोंड धुतलं, मग बॉल घेऊन परत आलो.

"लोक हसतात," मी म्हणालो.

"काकूपण हसायची. पत्ताकोबी टाकली तेव्हा हसली."

हे खरं होतं. ती शेवटची हसली ती तेव्हाच.

फायनल दिल्लीशी होती. दिवाकर माझ्या शेजारी बसला होता, कपाळाला गंध लावून, कारण आता ताईचं लक्ष आहे याबद्दल त्याला शंका उरली नव्हती. खाली टेंभुर्णे सर अधूनमधून मान वर करून मला शोधायचे. सांगितलं का, असं खुणेने विचारायचे. मी दुसरीकडे पाहायचो. मामादू सुरुवातीपासून खालून टाकत होता, स्टेडियम सुरुवातीपासून हसत होतं. काही बॉल जात होते, ते मात्र कुणी मोजत नव्हतं.

सामना संपत आला आणि आपण एका गुणाने मागे. दिल्लीवाल्यांनी करायचं तेच केलं, बॉल मामादूकडे गेला की त्याला धरला. दोन फ्री थ्रो. घड्याळ जवळजवळ संपलेलं.

टेंभुर्णे सर बाजूच्या रेघेपर्यंत धावत आले. दोन्ही हात डोक्यावर नेऊन ओरडत होते, वरून, वरून. मामादू रेघेवर जाऊन उभा राहिला. त्याने सरांकडे पाहिलं, मग वर प्रेक्षकांकडे पाहिलं. तो मला शोधतो आहे हे मला कळलं. सरही मलाच शोधत होते. आजूबाजूला लोक आधीच हसायला लागले होते, एका पोराने शिटीसुद्धा वाजवली.

माझा हात सवयीने खिशात गेला होता. खर्र्याची पुडी बाहेर काढली, तेव्हा लक्षात आलं की मला दोन्ही हात मोकळे पाहिजेत. पुडी दिवाकरच्या हातात दिली आणि उभा राहिलो. दोन्ही हात पुढे घेतले, गुडघे वाकवले आणि खालून वर दाखवलं. एकदा दाखवून समाधान होईना, म्हणून परत दाखवलं. टक्कल केलेला पाच फूट चार इंचाचा म्हातारा भर स्टेडियममध्ये उठाबशा काढतो आहे म्हटल्यावर आमच्या बाजूच्या लोकांना कुणाला हसावं ते कळेना. टेंभुर्णे सरांनी डोक्याला हात लावला. मामादूने मान हलवली.

पहिला चुकला. रिंगच्या पुढच्या काठाला लागून सरळ त्याच्याकडेच परत आला. हशा झाला. मी ओरडलो, "गुडघे!" माझा आवाज मला प्रमिलासारखा वाटला नाही, पण शब्द तिचाच होता.

दुसऱ्याला तो इतका वाकला की पावणेसात फुटांचा माणूस आमच्याएवढा झाला. बॉल वर गेला, फारसा फिरला नाही, हळू वर गेला आणि खाली येताना रिंगला लागलाच नाही. नुसती जाळी हलली. मग जो आरडाओरडा झाला तो सांगता येत नाही. मगाचा तो शिटीवाला पोरगा माझ्या गळ्यात पडला.

बरोबरी झाली. जास्तीच्या वेळात मामादूचे पाच फाउल भरले, तो बाहेर बसला आणि आपण दणकून हरलो. मालकांनी दुसऱ्या वर्षी संघ विकला. मामादू सामन्यानंतर दोन दिवसांनी गेला. जाताना चौकटीखालून सवयीने वाकला, उशीला कपाळ टेकवलं आणि मला म्हणाला, काका, जेव.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी सामना संपल्यावर गर्दीतून आम्ही बाहेर पडत होतो. बाहेर पानठेला दिसला तसा दिवाकरला त्याच्या मुठीतल्या पुडीची आठवण झाली.

"भाऊजी, ही तुमची."

"फेकून दे."

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं, पुडीकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. माझा खांदा धरून म्हणाला, "म्हणजे शेवटी कावळ्याला दिलेला शब्द पाळला तुम्ही."

"कावळ्याचा काय संबंध?" मी म्हणालो.